मातीबाहेरची मुळे

काही वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीच्या आजारपणात नाशिकच्या एका रुग्णालयात माझ्या पुष्कळ फेऱ्या झाल्या. ताईला अंडाशयाचा कर्करोग होता. पहिल्या खेपेला तिला पॅक्लिटॅक्सेल दिले. दोन वर्षांनी आजार उलटला तेव्हा टोपोटेकॅन. सलाइनचे थेंब पाहत बसण्यापलीकडे नातेवाइकाला तिथे काही काम नसते. मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवले, म्हणून कुपीवरचे नाव वाचून तिला सांगितले, "ताई, ही दोन्ही औषधं मुळात झाडांची." ती म्हणाली, "मग त्या झाडांचं काय झालं?"

तेव्हा मी विषय बदलला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिराने दिलेले उत्तर आहे.

या दोन्ही औषधांमागचे मूळ रेणू एकाच जोडीने शोधले: अमेरिकेतल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमधल्या मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला, म्हणजे आजच्या आमच्या नाशिक विभागातच. मुंबई विद्यापीठात शिकून ते पुढे अमेरिकेत गेले. १९६६ मध्ये कॅम्प्टोथेका या चिनी झाडातले कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतले टॅक्सॉल यांची रचना या जोडीने जगापुढे मांडली. टॅक्सॉल म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल. टोपोटेकॅन हे कॅम्प्टोथेसिनवर रासायनिक प्रक्रिया करून तयार होते.

रेणू दोन, पण त्यांच्या झाडांचे नशीब वेगवेगळे निघाले.

यूची साल सोलली की झाड मरते, आणि ते वाढते अत्यंत सावकाश. औषधाची मागणी वाढली तसा त्याच्या हिमालयातल्या भाऊबंदावर, थुनेरवरही घाव पडला. मग यूच्या पेशी पोषक द्रवात वाढवून त्यांच्याकडूनच औषध करून घेण्याची रीत बसली. आज जर्मनीत ७५,००० लिटरपर्यंतच्या पोलादी टाक्यांत अशा पेशी वाढवतात. त्या औषधासाठी झाडाची साल काढावी लागत नाही.

कॅम्प्टोथेसिनचे तसे झाले नाही. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय संशोधकांना हाच रेणू आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडला. फुलांना दुर्गंधी येते म्हणून हे नाव. कोयना, महाबळेश्वर, आंबोली या पट्ट्यातले हे लहानसे झाड. गावकऱ्यांना त्याचे फारसे कौतुक नव्हते. पण त्याच्या लाकडाला परदेशातून गिऱ्हाईक आले आणि कुऱ्हाडी चालू लागल्या. हजार किलो वाळलेल्या लाकडातून जेमतेम काही किलो कॅम्प्टोथेसिन मिळते. आजही या रेणूचा पुरवठा मुख्यतः झाडांवरच चालतो.

मग यूसारख्या याही पेशी टाकीत का वाढवत नाहीत? कारण सुट्या केल्या की त्या हे काम जवळपास सोडूनच देतात. एकत्र कुटुंब फुटले की वर्षाचा मसाला कांडणे बंद होते, तसे काहीसे. पेशी वाढतात, गलेलठ्ठ होतात, पण कॅम्प्टोथेसिन बनवत नाहीत. ते बनवायला त्यांना अवयवाची शिस्त लागते. जपानमधल्या ओफिओऱ्हायझा या छोट्या वनस्पतीच्या बाबतीत हे स्पष्ट दिसले: तिच्या सुट्या पेशी रित्या, पण वेगळी वाढवलेली मुळे मात्र कॅम्प्टोथेसिनने भरलेली. म्हणजे वाढवायचे तर मूळच वाढवायला हवे.

मूळ झाडावाचून जगते का? जगते. १९३४ मध्ये फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोच्या मुळांची टोके द्रवात सतत वाढती ठेवून ते दाखवून दिले. मात्र अशी मुळे हळू वाढतात. वेग मिळाला तो मातीतल्या एका जिवाणूमुळे. अॅग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजेनिस हा जिवाणू झाडाच्या जखमेत शिरून आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. त्या पेशीतून केसांसारखी दाट, भराभर फांद्या फुटणारी मुळे निघतात. त्यांना केसाळ मुळे म्हणतात. पुढे प्रतिजैविक देऊन जिवाणू मारला तरी मुळांचा वेग तसाच राहतो, आणि वाढीसाठी बाहेरून संप्रेरकेही घालावी लागत नाहीत. यात अघोरी काही नाही. आपल्या एकादशीच्या रताळ्यातही अशा जिवाणूची जनुके फार पूर्वीपासून वस्तीला आहेत, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले.

निवृत्तीच्या आधी मी आणि माझ्या दोन विद्यार्थिनींनी अश्वगंधेच्या पानांवर हा प्रयोग केला. पानाला सुईने टोचायचे, जिवाणू लावायचा, वाट पाहायची. तिसऱ्या आठवड्यात जखमेतून पांढरी मुळे डोकावली. लिटरला ३० ग्रॅम साखर आणि काही क्षार घातलेले पाणी हे त्यांचे जेवण. ते १२१ अंशांवर, दाबाखाली निर्जंतुक करावे लागते. घरातल्या कुकरची शिटी साधारण तेवढ्याच दाबाला होते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला तर काय होते, हे जाणणाऱ्या कोणालाही निर्जंतुकपणा वेगळा शिकवावा लागत नाही. आमच्या पहिल्या नऊ बाटल्यांपैकी सहांना बुरशी आली.

उरलेल्यांतली मुळे आम्ही एका मोठ्या बाटलीत सोडली आणि माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप, मध्ये बारीक गाळणी घालून, तिला जोडला. हाच आमचा बायोरिअॅक्टर, म्हणजे सजीवाला अन्न, हवा आणि ऊब नियमाने देणारे भांडे. महिन्याभरात मुळांचा गोळा नारळाएवढा झाला. आम्ही खूश. गोळा कापला तर आत तपकिरी, मेलेला गाभा! बाहेरच्या मुळांनी प्राणवायू संपवला होता; आतपर्यंत काही पोचलेच नव्हते.

मोठ्या टाक्यांतही नेमकी हीच अडचण येते. पेशी द्रवात पसरतात. मुळे एकमेकांत गुंततात. ढवळायला पाते लावावे तर ते मुळे तोडते. म्हणून तळातून बुडबुडे सोडतात, मुळांना आधाराला जाळी देतात, किंवा द्रवाचे तुषार उडवतात. गुंता झाला की आत किती वाढ झाली हेही मोजता येत नाही. मग द्रवाची विद्युतवाहकता मोजतात: मुळे क्षार शोषतात तशी ती उतरते, त्यावरून वाढीचा अंदाज बांधतात.

२००२ मध्ये जपानी संशोधकांनी ओफिओऱ्हायझाची केसाळ मुळे ३ लिटरच्या बायोरिअॅक्टरमध्ये वाढवली. आठ आठवड्यांनी कॅम्प्टोथेसिन मिळाले २२ मिलिग्रॅम. त्यातले काही मुळांनी आपणहून द्रवात सोडले होते, म्हणजे मुळे न कापताही ते काढून घेता येते. ताईच्या कुपीत ४ मिलिग्रॅम टोपोटेकॅन असे. दोन महिन्यांच्या मेहनतीतून फार तर पाच-सहा कुप्यांचा कच्चा माल. उलट कोरियात जिनसेंगची मुळे हजारो लिटरच्या टाक्यांत वाढवून विकतात. तेव्हा तंत्र अशक्य नाही. पण साखर, वीज आणि निर्जंतुकपणा यांचा खर्च मुळांनी भरून काढायला हवा. जंगलातले झाड तोडणाऱ्याला झाडाची किंमत मोजावी लागत नाही, तोवर बाटली महागच ठरणार.

म्हणून बायोरिअॅक्टर आला की जंगल वाचेल, असे मी म्हणणार नाही. नरक्याची लागवड, तोडीवरची नजर आणि प्रयोगशाळा, तिन्ही लागतील. आणि अधिक औषध देणारी मुळे हवी असतील तर त्यांचे पान शेवटी सह्याद्रीतल्या एखाद्या उभ्या झाडावरूनच खुडावे लागेल.

ताई आता नाही. टोपोटेकॅनने तिला चौदा महिने दिले. त्यात तिने नातीचे बारसे केले. तिच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच: पहिल्या औषधासाठी आता झाड मारावे लागत नाही. दुसऱ्यासाठी अजून लागते, आणि ते झाड आपले आहे.