बाळाची हालचाल मंदावली? सकाळची वाट पाहू नका

‘दिवस भरत आले की बाळ शांत होते’ असे जालना जिल्ह्यात अनेक घरांतून गरोदर सुनेला समजावले जाते. हा समज चुकीचा आहे आणि धोक्याचाही. नववा महिना लागला की पोटातली जागा कमी पडते. त्यामुळे जोरदार लाथांऐवजी ढुशा देणे, सरकणे, कूस बदलणे अधिक जाणवते. पण हालचाली थंडावत नाहीत. कळा सुरू होईपर्यंत, अगदी कळांच्या वेळीही, निरोगी बाळ हलत राहते.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. वार गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला असेल तर उशीर होऊ शकतो. मात्र २४ आठवडे झाले तरी काहीच जाणवले नाही, तर तपासणी करून घ्यावी. २८ आठवड्यांपासून रोज लक्ष ठेवावे.

वारेतून प्राणवायू कमी मिळू लागला की बाळ शक्ती राखून ठेवण्यासाठी हालचाल कमी करते. आईला मिळणारी ही पहिली खूण असू शकते. बाळ पोटात झोपतेही. पण ही झोप बहुधा २० ते ४० मिनिटांची असते, दीड तासाच्या पुढे क्वचितच जाते.

कापूस वेचताना किंवा उसाच्या फडात दिवसभर राबताना हालचाल लक्षात येत नाही. म्हणून रात्री जेवणानंतर डाव्या कुशीवर शांत पडावे आणि मोजावे. लाथ, ढुशी, वळणे सगळे धरावे. उचकी धरू नये. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत, तर लगेच दवाखाना गाठावा. दहा भरल्या, पण रोजच्यापेक्षा बाळ मंद वाटते, तरीही जावे. प्रत्येक बाळाची लय वेगळी असते आणि ती आईलाच ठाऊक असते.

अशा वेळी साखरपाणी पिऊन वाट पाहणे किंवा घरी यंत्राने ठोके ऐकून निश्चिंत होणे योग्य नाही. ठोके चालू असतानाही बाळ अडचणीत असू शकते. रात्र असली तरी १०२ क्रमांकावर फोन करावा. गरोदर मातेसाठी ही सरकारी गाडी मोफत आहे. दवाखान्यात ठोक्यांचा आलेख काढतात, गरज वाटल्यास सोनोग्राफीने बाळाची वाढ आणि गर्भजल पाहतात. बहुतेक वेळा बाळ सुखरूप असते. पण दोन दिवसांनी हालचाल पुन्हा कमी वाटली, तर पुन्हा जावे. संकोच करू नये.

दिवाळीच्या सुमारास मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड भागातून अनेक जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात. कोयता बांधताना माता-बाल संरक्षण कार्डही बांधून घ्यावे आणि मुक्कामाला पोहोचताच जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे, हे नवऱ्याने आधी विचारून ठेवावे.