थरथरत्या भूमीवरील स्थिर आरसा

बारामती-इंदापूरच्या बाजूस उसाचा हंगाम सुरू झाला कीं रस्त्याकांठच्या घरांत एक गोष्ट सहज नजरेस पडते. माळेगांव किंवा भवानीनगर येथील कारखान्याकडे उसानें लादलेल्या ट्रॉल्या जाऊं लागल्या म्हणजे भरल्या परातींतील पाणी थरथरतें. पायांस न जाणवणारा कंप पाण्यास कळतो. जमीन स्थिर आहे ही समजूत व्यवहारापुरतीच खरी. वाहनें, वारा व दूरच्या समुद्राच्या लाटा यांच्यामुळें ती अहोरात्र हालत असते.

याच महाराष्ट्रांत, हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथें, जें यंत्र उभारावयाचें ठरलें आहे, त्यास मात्र ही थरथर मुळींच खपणार नाहीं. ‘लायगो-इंडिया’ या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज सुमारें २,६०० कोटि रुपयांचा आहे. पुण्याची ‘आयुका’ ही त्यांतील सहभागी संस्थांपैकीं एक. काटकोनांतील दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. त्यांच्या टोंकांस आरसे. त्यांमध्यें लेसरचा किरण खेळवून, गुरुत्वलहरींमुळें भुजांच्या लांबींत पडणारा फरक मोजावयाचा. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा सूक्ष्म असूं शकतो.

मग हालत्या जमिनीवर आरसा स्थिर ठेवावा कसा? तर तो टांगून. मीटरभर दोरीस तांब्या बांधून दोरीचें टोंक हातांत धरावें. हात सावकाश सरकविला तर तांब्या मागोमाग येतो. हात झटपट मागें-पुढें हालविला तर तांब्या जवळजवळ जागींच राहतो. कंप लंबकाच्या तालाच्या दसपट जलद असेल, तर त्याचा सुमारें शंभरावा हिस्साच खालीं पोंचतो. चार लंबक एकाखालीं एक टांगले, तर लाखावा हिस्साहि पोंचत नाहीं. म्हणूनच ‘लायगो’च्या मुख्य आरशांस चार टप्प्यांची टांगणी असते. तळाचा आरसा ४० किलो वजनाचा असून तो ०.४ मिलिमीटर जाडीच्या चार सिलिका-तंतूंवर लोंबतो.

परंतु तांब्याचा प्रयोग येथेंच संपत नाहीं. हात तांब्याच्या स्वतःच्या तालाशीं, म्हणजे दोन सेकंदांस एक आवर्तन या गतीशीं जुळला, कीं लहानशा हालचालीनेंहि तांब्या मोठाले झोके घेऊं लागतो. टांगणी जलद कंप गाळते, पण आपल्या तालाचा कंप वाढविते. हा झोका कोणीतरी आवरला पाहिजे. आणि आवरणारा हातच कांपरा असला, तर उपायच अपाय ठरतो.

यावर तोड अशी: आवरण्याचें मुख्य काम तळच्या आरशापाशीं न करतां सर्वांत वरच्या टप्प्यावर करावयाचें. तेथें लहान चुंबकें बसविलेलीं असतात व त्यांच्यासमोर तारेचीं वेटोळीं. सावलीच्या सरकण्यावरून हालचाल मोजली जाते आणि वेटोळ्यांतील विद्युत्प्रवाह तिला विरोध करणारें बळ लावतो. या उपायानें उत्पन्न होणारी किंचित् थरथर खालचे तीन टप्पे गाळून टाकतात. बळ बेतानेंच लावावें लागतें. फार जोर केला तर कंप आरशापर्यंत उतरतो, फार ढिलाई केली तर झोका लवकर शमत नाहीं.

दुसरी काळजी रोखाची. आरसा अंशाच्या सतरा हजाराव्या भागानें जरी कलला, तरी परतलेला किरण ४ किलोमीटरवर ८ मिलिमीटर बाजूस सरकतो. म्हणून प्रथम वजनें व तंतू यांचा तोल साधून आरसा जवळपास सरळ करतात; उरलेला सूक्ष्म कल विद्युत्प्रवाहानें काढतात, व तो पुन्हां येऊं नये म्हणून अखंड पाळत ठेवतात.

एवढा खटाटोप कशासाठीं? अमेरिकेंतील अशा दोन यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं पहिली गुरुत्वलहर टिपली. दोन कृष्णविवरांच्या मीलनांतून निघालेली ती लहर सुमारें १३० कोटि वर्षें प्रवास करून आली होती, आणि यंत्रांस ती जाणवली सेकंदाच्या सुमारें पांचव्या भागापुरतीच. त्या निमिषांत आरसे झोके घेत असते, तर ती पुढें निघून गेली असती, व कोणास कळलेंहि नसतें.