मोटारशर्यतीचा सारथी

सांगलीच्या पंचक्रोशीत यात्रेच्या दिवसांत बैलगाड्यांच्या शर्यती भरतात. मध्यंतरी काही वर्षे त्या न्यायालयाच्या आदेशाने बंद होत्या; डिसेंबर २०२१ पासून नियमांच्या चौकटीत त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. शर्यत संपली की माळावर जमलेल्या माणसांच्या तोंडी विजयी बैलांची नावे असतात. ज्याच्या हाती कासरा होता, त्याचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतो. एकदा वर्गात एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, पळतात तर बैल, मग गाडीवान करतो तरी काय?" मोटारीच्या शर्यतीविषयी हाच प्रश्न अधिक जोराने विचारता येईल. तेथे यंत्र धावते, इंधन जळते, चाके फिरतात. मग माणसाचे त्यात काय काम?

या प्रश्नाचा उलगडा व्हावयाचा असेल, तर जिच्यात सर्वांची वाहने एकसारखी असतात, अशी शर्यत पाहिली पाहिजे. फॉर्म्युला टू ही तशी शर्यत होय. फॉर्म्युला वन या जगप्रसिद्ध स्पर्धेची ही अलीकडची पायरी. हिच्यातील प्रत्येक गाडी इटलीतील एकाच कारखान्यात तयार होते. तिचे इंजिन सहा सिलिंडरांचे, ३.४ लिटरचे व सुमारे ६२० अश्वशक्तीचे असते. टायरही सर्वांना एकाच कंपनीचे मिळतात. संघाला स्प्रिंगा व पंख यांची मांडणी थोडीफार बदलता येते. पण कोणालाही पैसा ओतून अधिक जोमदार इंजिन बसवता येत नाही. अशा या स्पर्धेत ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीन येथे मुंबईचा जेहान दारूवाला पहिला आला. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. त्या वेळी तो बावीस वर्षांचा होता.

जेहानचा जन्म १ ऑक्टोबर १९९८ चा. शर्यतीच्या मार्गावर तो आला, तो साधारण तुमच्याच वयाचा असताना, २०११ साली. राष्ट्रीय कार्ट स्पर्धा अनेकदा जिंकलेले रेयोमंद बनाजी यांच्या हाताखाली त्याने धडे गिरवले. कार्ट म्हणजे जमिनीलगत बसावयाची चिमुकली उघडी गाडी. तिला छप्पर नसते, दारे नसतात, स्प्रिंगाही नसतात. तिची मागची दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. यामुळे एक अडचण होते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. पण दांडा एकच असल्याने दोन्ही चाके सारखीच फिरू पाहतात आणि गाडी वळण्याचे नाकारते. तेव्हा चालकाने आपल्या शरीराचा भार आणि सुकाणूचा झटका यांच्या बळावर आतले मागचे चाक क्षणभर हलके करावे लागते. ही युक्ती पुस्तकात वाचून येत नाही. पाठीला आणि मनगटांना ती शिकावी लागते. जगातील बहुतेक नामांकित चालक कार्टमधूनच पुढे आले, ते याच कारणाने. आपल्याकडे कोल्हापूरलाही मोहित्यांच्या कार्ट-मार्गावर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. सांगलीकर मुलांनी असा मार्ग पाहावयास हरकत नाही.

त्याच २०११ साली फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने भारतातील होतकरू मुलांचा शोध आरंभला. 'शंभर कोटींतील एक' अशा अर्थाचे नाव त्या उपक्रमाला दिले होते. निवडलेल्या तिघांत जेहान एक होता. यानंतर त्याच्या शर्यतींचा मुक्काम युरोपात हलला. २०१४ साली कार्टच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तो तिसरा आला. त्या स्पर्धेत पहिला आला होता लँडो नॉरिस नावाचा इंग्रज मुलगा. २०१६ च्या आरंभी न्यूझीलंडमधील टोयोटा शर्यतमालिकेत नॉरिस पहिला व जेहान दुसरा आला. हा नॉरिस पुढे २०२५ साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. ही दोन नावे ध्यानात ठेवा.

कार्टनंतर येतात त्या एकाच माणसाने बसावयाच्या, उघड्या चाकांच्या गाड्या. २०१५ साली जेहान फॉर्म्युला रेनोत उतरला, २०१७ साली युरोपीय फॉर्म्युला थ्रीमध्ये. त्याच वर्षी जर्मनीतील नोरिसरिंग येथे त्याने एक शर्यत जिंकली. २०१९ साली फॉर्म्युला थ्रीच्या हंगामात त्याला एकंदर तिसरे स्थान मिळाले.

आता आपण गाडीच्या आत डोकावू. सरळ मार्गावर वेग राखणे हे त्यामानाने सोपे. खरी परीक्षा वळणाशी होते. वळण जवळ आले की चालक आधी मार्गाच्या बाहेरच्या कडेला जातो, मग आतल्या टोकाला स्पर्श करून पुन्हा बाहेरच्या कडेला निसटतो. असे केल्याने वळणाचा बाक कमी तीव्र होतो आणि वेग कमी गमवावा लागतो. सायकलवरून गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना तुम्हीही नकळत हेच करता. परंतु ब्रेक नेमका कोठे दाबावयाचा? दोन हात आधी दाबला तर वेळ गेला, दोन हात उशिरा दाबला तर गाडी मार्गाबाहेर गेली. हा निर्णय प्रत्येक फेरीत प्रत्येक वळणावर नव्याने घ्यावा लागतो. कारण इंधन जळून गाडी हलकी होत असते आणि टायर झिजून त्यांची पकड बदलत असते. वेगात वळताना अंगावर स्वतःच्या वजनाच्या तिप्पट-चौपट जोर येतो. डोके आणि शिरस्त्राण मिळून सहा किलो धरले, तर त्या क्षणी मानेला वीस किलोंहून अधिक ओझे आडवे तोलावे लागते. सुकाणू फिरवण्यास मदत करणारे यंत्र या गाडीत नसते. तो सारा भार हातांनीच पेलावयाचा. म्हणून हे चालक मानेचा व्यायाम मल्लाने करावा तितक्या निष्ठेने करतात. बसल्या बसल्या करावयाचे काम असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे!

बहारीनची ती शर्यत चौतीस फेऱ्यांची होती व मार्ग सुमारे साडेतीन किलोमीटरांचा होता. त्या वर्षी एक मौजेचा नियम होता. शनिवारच्या मोठ्या शर्यतीतील पहिले आठ चालक रविवारच्या छोट्या शर्यतीत उलट्या क्रमाने उभे केले जात. म्हणजे आठवा सर्वांत पुढे आणि पहिला आठवा. या क्रमाने जेहान पुढच्या रांगेत दुसरा उभा होता. शेजारी इंग्लंडचा डॅन टिकटम. दुसरी जागा ही वाटते तितकी सुखाची नसते. पुढे कोणी असले की त्याच्या गाडीने ढवळलेल्या हवेत आपली गाडी अस्थिर होते, टायर तापतात आणि लवकर झिजतात. घाई केली तर टायर संपतात, न केली तर पुढचा निसटतो. जेहानने टिकटमला मागे टाकले, टायर जपले आणि अखेरपर्यंत आघाडी सोडली नाही. त्याचाच सहकारी, जपानचा युकी त्सुनोदा, दुसरा आला, टिकटम तिसरा. मिक शूमाखर हा त्या वर्षीचा अजिंक्यवीर त्याच दिवशी ठरला. मिक म्हणजे सात वेळा जगज्जेते झालेल्या मायकेल शूमाखर यांचा मुलगा. सर्वांची वाहने सारखी होती हे येथे पुन्हा आठवा. यापुढे इटलीतील मोंझा येथे जेहानने २०२१ साली आणि पुन्हा २०२२ साली शर्यत जिंकली.

इतके झाल्यावर तो फॉर्म्युला वनमध्ये का गेला नाही, असे तुम्ही विचाराल. कारणे अनेक आहेत. त्या स्पर्धेत त्या काळी दहा संघ व अवघ्या वीस जागा होत्या; २०२६ सालापासून त्या बावीस झाल्या. त्यातील बऱ्याच जागा आधीच्याच चालकांकडे वर्षानुवर्षे राहतात. शिवाय विशेष परवाना लागतो. तो मिळण्यासाठी तीन वर्षांत चाळीस गुण जमवावे लागतात आणि फॉर्म्युला टूच्या पहिल्या तिघांनाच ते एका हंगामात मिळतात. जेहान २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षी सातवा होता. एखाददुसरी शर्यत जिंकणे वेगळे आणि हंगामभर दर शर्यतीत गुण मिळवीत राहणे वेगळे. आणि पैसा! फॉर्म्युला टूतील एका हंगामाचा खर्च कोट्यवधी रुपयांच्या घरात जातो. जेहानच्या पाठीशी संपन्न कुटुंब होते, रेड बुलसारख्या संघाच्या तरुण चालकांच्या योजनेत त्याला काही वर्षे स्थानही होते. तरीही शेवटचे दार उघडले नाही. ज्याच्यापाशी यातले काहीच नाही, असा मुलगा कितीही कुशल असला तरी कार्टच्या पलीकडे जाणे त्याला अवघड होते. या खेळातील ही उणीव झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जून २०२२ मध्ये इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे मॅक्लारेन संघाची फॉर्म्युला वन गाडी चालवून पाहण्याची संधी जेहानला मिळाली. त्याच संघाचा चालक होता नॉरिस. आठ वर्षांपूर्वी कार्टच्या त्या स्पर्धेत पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकांवर असलेल्या या दोघांच्या वाटा येथवर येऊन वेगळ्या झाल्या होत्या.

पण चालकाची वाट एकच नसते. कोइमतूरचे नारायण कार्तिकेयन हे २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय. पुढे २०१० साली ते अमेरिकेत गेले आणि तेथील नॅसकार संस्थेच्या ट्रक-शर्यतींत उतरले. बाजारात मिळणाऱ्या गाड्यांसारखा बाह्याकार असलेली ही जड वाहने लंबवर्तुळाकार मार्गावर एकमेकांना खेटून धावतात. थोडीफार धक्काबुक्की तेथे चालूनच जाते. कार्तिकेयन यांच्यासारख्या, धक्का टाळण्यातच आयुष्य घालवलेल्या चालकाला हा सारा नवा अभ्यास होता. मार्टिन्सव्हिल येथील पहिल्याच शर्यतीत ते तेरावे आले, आणि त्या हंगामातील सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून प्रेक्षकांनी त्यांनाच निवडले.

जेहानने विजेच्या गाड्यांची वाट धरली. जानेवारी २०२४ मध्ये मेक्सिको येथे मासेराटी संघाकडून तो फॉर्म्युला ई या स्पर्धेत प्रथम धावला. या गाड्यांत पेट्रोल नसते; विजेच्या साठ्यावर त्या चालतात, आणि तो साठा सुरुवातीपासून संपूर्ण शर्यतीस पुरेल इतका नसतो. म्हणून वेग कमी करताना चाकांच्या गतीपासून पुन्हा वीज निर्माण करून ती साठ्यात घ्यावी लागते. शर्यतीत खर्च होणाऱ्या विजेचा मोठा भाग असा परत मिळवलेला असतो. वळण येण्याच्या कितीतरी आधीच चालक पाय उचलतो, गाडीला नुसतीच वाहू देतो. कधी पुढच्याच्या मागे राहून वाऱ्याचा अडथळा चुकवतो, कधी मुद्दाम एक जागा सोडून देतो, आणि साचलेली वीज शेवटच्या फेऱ्यांत वापरतो. पाय नेमका किती आधी उचलावयाचा, हे त्याला साधावे लागते.