पडद्यावर फक्त अक्षरे

आजच्या मोबाइल गेममध्ये कोपऱ्यात छोटा नकाशा असतो आणि कुठे जायचे ते बाण दाखवतो. चाळीस वर्षांपूर्वी घरगुती संगणकांवर असे साहसखेळ होते, ज्यांत नकाशा नव्हता, बाण नव्हता आणि बहुतेकदा चित्रही नव्हते. पडद्यावर इंग्रजीत चार ओळी येत: तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे, वाटा कोणत्या दिशांना जातात. त्याखाली आपण एक-दोन शब्दांचा हुकूम टाइप करायचा: ‘दिवा घे’, ‘दार उघड’, ‘उत्तर’. संगणक तो पाळी, नाहीतर कळले नाही म्हणून सांगे.

यातला पहिला गाजलेला खेळ खऱ्या गुहेवरून निघाला. अमेरिकेतले विल क्राउदर प्रोग्रामर होते आणि गुहा धुंडाळणारेही. केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या गुहेचे नकाशे करण्याच्या कामात ते आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया दोघेही होते. घटस्फोटानंतर, १९७०च्या दशकाच्या मध्यात, आपल्या मुलींना खेळता यावे म्हणून त्यांनी त्या गुहेचाच खेळ लिहिला. १९७७ साली डॉन वुड्स यांनी त्यात भर घातली. आपल्यापैकी ज्यांनी बस्तरमधली कुटुमसर गुहा पाहिली आहे, त्यांना ही कल्पना लगेच पटेल. गाइडच्या दिव्यात जेवढे दिसते तेवढेच आपले जग. खेळातही दिवा असतो आणि त्याची बॅटरी संपते!

आपल्या देशात १९८४ साली सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून सुरुवातीला सुमारे २५० शाळांना ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. त्यांची मेमरी ३२ केबी. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. त्यातही चांगले रंगीत चित्र दाखवायचे तर पडदाच २० केबी खाई, पण नुसती अक्षरे दाखवायला १ केबी पुरे. उरलेल्या जागेत अख्खी गुहा बसवता येई. म्हणून शब्द.

माझ्या मामांच्या नागपूरच्या शाळेत असा संगणक होता. आठवड्याला एक तास आणि एका संगणकावर तिघे. एकजण टाइप करी, दुसरा आलेखाच्या वहीत नकाशा काढी, तिसऱ्याकडे इंग्रजी-मराठी शब्दकोश. गुहेच्या तोंडाशी ‘ग्रेट’ आहे असे पडद्यावर आले, तेव्हा हे मराठी माध्यमाचे वीर खूश झाले. शब्दकोशाने स्पेलिंग पाहून सांगितले की ती लोखंडी जाळी आहे आणि तिला कुलूप असेल.

खरी परीक्षा चक्रव्यूहात होती. तिथल्या प्रत्येक खोलीचे वर्णन शब्दशः एकच. शिवाय उत्तरेला जाऊन दक्षिणेला वळलात तर जुन्या जागी परत येताच असे नाही, कारण वाटा वाकड्या आहेत. मॅप रीडिंगच्या तासाला आपण बॅक बेअरिंग शिकतो. १८० अंश फिरवले की मागची दिशा मिळते. इथे ते चालत नाही. उपाय असा, की प्रत्येक खोलीत एक वस्तू टाकायची, इथे किल्ली, तिथे बाटली, मग खोल्या ओळखू येतात आणि वहीत एकेक रेघ वाढते. मामांच्या गटाला हे सुचायला तीन आठवडे लागले. पुढे दहावीचे वर्ष आले आणि तो तास बंद झाला. त्यांची वही अजून आहे. नकाशा चक्रव्यूहातल्या सातव्या खोलीपर्यंत येतो आणि पुढची पाने कोरी आहेत.

ते खेळ आजच्यापेक्षा चांगले होते, हे मामांचे म्हणणे मला पूर्ण मान्य नाही. काही कोडी सरळसरळ अन्यायाची आहेत. नेमका शब्द सुचला नाही तर तासभर अडकून पडायचे. पण नकाशा आपण काढलेला असतो, त्यामुळे तो डोक्यात राहतो. मोबाइलमधल्या बाणामागे मी शंभर वेळा धावलो असेन, त्यातला एक रस्ता आज सांगता येणार नाही.

२०१७ पासून या खेळाचा प्रोग्राम सर्वांसाठी खुला आहे. सुट्टीत रायपूरला घरी मी तो चालवून पाहिला. कुणाला खेळायचा असेल तर एक सूचना: मूळ खेळ शब्दाची पहिली पाच अक्षरेच वाचत असे. ‘नॉर्थईस्ट’ लिहिले तर त्याला ‘नॉर्थ’च दिसे आणि आपण भलतीकडे जाऊ. ईशान्येला जायचे असेल तर ‘एनई’ एवढेच लिहा. सोबत आलेखाची वही आणि खोडरबर ठेवा.