घोडी सोडवून आणली, पण लगेच खोगीर नको! वयस्क घोडीचे पहिले सहा महिने असे सांभाळा

बुलढाणा : चार-पाच शिंगरं दिली, मग गाभण राहणं बंद झालं, की पैदाशीच्या घोडीची किंमत एकदम उतरते. मालक चारा आखडता घेतो, व्यापारी स्वस्तात उचलतो. पुढे ती वरातीला नाहीतर ओझ्याला लागते, किंवा सरळ रस्त्यावर मोकळी सोडली जाते. मग कुणाला तरी दया येते आणि ती घरी आणली जाते. पोरं खूश, घरचे खूश. "खाऊपिऊ घालू, महिनाभरात सवारीला तयार होईल," असं सगळ्यांनाच वाटतं.

इथंच गडबड होते. उपाशी घोडी भुकेनं जितकी मरत नाही, तितकी पहिल्या आठवड्यात प्रेमानं भरभरून खाऊ घातल्यानं दगावू शकते. आणि त्यातून वाचली तरी कमकुवत पाठीवर लवकर बसल्यानं ती कायमची निकामी होते.

घोडं २५ ते ३० वर्षं जगू शकतं. म्हणजे १४-१५ वर्षांची घोडी ही काही संपलेली घोडी नाही. नीट उभी केली तर हलक्या सवारीला, पोरांना शिकवायला ती बरीच वर्षं चालते. फक्त त्यासाठी घाई सोडावी लागते.

दारात आणण्याआधी

घोडी बेवारस सापडली असेल तर परस्पर घरी बांधू नका. ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला कळवा, नोंद करून घ्या. नाहीतर सहा महिने खाऊ घातल्यावर मालक उभा राहतो आणि भांडण सुरू होतं. बाजारातून किंवा मालकाकडून घेतली असेल तर पावती घ्या. घोडीचे चारही बाजूंनी फोटो मोबाईलमध्ये तारखेसह ठेवा. पुढे सुधारणा मोजायलाही तेच फोटो कामी येतात.

सारंगखेडा असो की माळेगाव, घोड्यांच्या बाजारात रंग, उंची, पंचकल्याणी, भोवरे यावर भाव ठरतो. सवारीसाठी घोडी उभी करायची असेल तर भोवऱ्यांनी काही कळत नाही. दात, खूर, पाठ आणि डोळे बघा.

पहिले २१ ते ३० दिवस वेगळी बांधा

गावात दुसरी घोडी, खेचरं, गाढवं असतील तर त्यांच्यापासून ती लांब ठेवा. पाण्याची बादली, तोबरा, खरारा सगळं वेगळं. कारण एकच, ग्लँडर्स. नाकातून घट्ट चिकट स्राव, ताप, अंगावर गाठी येऊन फुटणं ही त्याची लक्षणं. हा रोग माणसालाही होतो. त्यावर लस नाही. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार हा रोग सरकारला कळवणं बंधनकारक आहे. घोडी वरून निरोगी दिसली तरी जनावरांच्या डॉक्टरांकडून रक्ताचा नमुना तपासणीला पाठवून घ्या. हरियाणातील हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथं या रोगाची तपासणी होते.

त्याच भेटीत डॉक्टरांकडून आणखी चार गोष्टी करून घ्या :

- गाभण आहे का? "ही आता राहत नाही" असं सांगून विकलेली घोडी गाभण निघू शकते. घोडीचे दिवस साधारण ११ महिन्यांचे असतात. गाभण निघाली तर खाली दिलेलं सगळं वेळापत्रक बदलतं, सवारीचा विचार शिंगरू दूध सोडेपर्यंत बाजूला ठेवायचा.
- धनुर्वाताची लस. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो. खुरात खिळा घुसला किंवा तंगाची जखम झाली, एवढंही पुरतं. रेबीजची लसही विचारा.
- सर्रा. चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो. थांबून थांबून ताप, पोटाखाली आणि पायांना सूज, खाऊनही खंगत जाणं, असं दिसलं तर रक्त तपासा.
- जंत. आधी शेण तपासा, मग औषध. अगदी हाडांवर आलेल्या घोडीला पहिल्याच दिवशी जंताचा जोरदार डोस देऊ नका.

पहिले १० दिवस : भरपेट नाही, थोडं-थोडं

बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला अचानक धान्य मिळालं की रक्तातले क्षार एकदम खाली जातात आणि हृदय बंद पडू शकतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी उपाशी घोड्यांवर वेगवेगळा आहार देऊन पाहिला. सगळ्यात सुरक्षित निघाला तो लसूणघास, म्हणजे आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी लावतात तोच. त्यात प्रथिनं जास्त आणि पिष्ट कमी असतं.

त्यांची पद्धत साधी आहे. पहिले ३ दिवस मोठ्या घोड्याला वाळवलेला लसूणघास दर ४ तासांनी साधारण अर्धा किलो, रात्रीसुद्धा. आपल्याकडची लहान घोडी असेल तर ३०० ग्रॅमच्या आसपास. चौथ्या दिवसापासून हळूहळू प्रमाण वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या. दहाव्या दिवसानंतर ती खाईल तेवढा चारा. हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करा.

पाणी मात्र कायम समोर हवं. दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे उन्हाळ्यात त्याहून जास्त. मिठाचा खडा गव्हाणीत ठेवा.

हे देऊ नका

घोडं म्हणजे गाय नव्हे. त्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं चुकीचं तिथंच सडतं. म्हणून :

- चंदी (हरभरा, मका, भरडा) पहिले काही आठवडे बंद. जास्त धान्यानं पोटशूळ होतो आणि खुरांच्या आत दाह होतो, मग घोडी पुढचे पाय टेकवेनाशी होते.
- बुरशी लागलेला मका कधीच नाही. गाईबैलांना चालून गेला असेल, पण त्यातलं विष घोड्याचा मेंदू नासवतं.
- हिरवी ज्वारी टाळा. घोड्याला त्यानं मूत्राशयाचा आजार होतो आणि मागचा भाग लुळा पडतो. वाळलेला कडबा चालतो.
- गाई-कोंबड्यांचं तयार खाद्य देऊ नका. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. घोड्याच्या हृदयाला त्याचा थोडा अंशही जीवघेणा ठरतो.
- धुळीचं कुटार तसंच टाकू नका. पाणी शिंपडून, झटकून द्या.

घोडी वारंवार कुशीकडे बघते, पाय आपटते, लोळते, घाम सुटतो, शेण बंद आहे, असं दिसलं तर घरगुती काढे पाजत बसू नका. हा पोटशूळ आहे, तासांचा खेळ असतो.

दात आणि खूर : इथं खर्च करा

खाऊनही अंग धरत नसेल तर तोंडात बघा. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर येत राहतात. वय झालं की कडा सुरीसारख्या होतात, गाल कापतात. चारा चावून गोळा करून खाली पाडत असेल, शेणात लांब काड्या दिसत असतील, तर दात घासून घ्यावे लागतात. हे काम डॉक्टरांचंच. तोवर कडब्याची बारीक कुट्टी करून, भिजवून द्या.

खुरांचंही तसंच. पैदाशीची घोडी वर्षानुवर्षं एका जागी बांधलेली असते, त्यामुळे खूर लांब, फुटके, एका बाजूला झिजलेले असतात. दर ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाकडून छाटून घ्या. एकाच वेळी सगळं कापायला लावू नका. रोज खुरातली घाण काढा, आणि आगाडी-पिछाडीने दिवसभर जखडून ठेवण्याऐवजी कुंपणाच्या आत मोकळी सोडा. चालण्यानंच खूर आणि सांधे सुधारतात.

वजन मोजायला काटा लागत नाही

शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ११,८८० ने भागा. उत्तर साधारण किलोमध्ये येतं.

उदाहरण : घेर १५० आणि लांबी १४० असेल तर वजन अंदाजे २६५ किलो.

दर पंधरा दिवसांनी मोजून वहीत लिहा. पोट मोठं दिसतं म्हणून फसू नका. बरीच शिंगरं झालेल्या घोडीचं पोट ओघळलेलंच असतं, जंतांनीही ते फुगतं. हात बरगड्यांवर फिरवा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून डोळ्यांना मोजता येऊ नयेत. अमेरिकेतील हेनेके यांनी १९८३ मध्ये घोड्याच्या अंगकाठीची १ ते ९ अशी मोजपट्टी मांडली, त्यात हे ५ नंबरचं शरीर. तिथवर पोहोचायला तीन-चार महिने, कधी जास्तही लागतात.

सवारीकडे कसं जायचं?

*तिसरा-चौथा महिना :* नुसती मोहरकी घालून हातानं चालवा. सुरुवातीला सपाट पांदण रस्त्यावर १० मिनिटं, मग वाढवत ४० मिनिटांपर्यंत. ट्रॅक्टर, मोटारसायकल, कुत्री यांची सवय याच काळात लागते. नंतर हलका चढ द्या. शिंगरं वाहून खोल गेलेल्या पाठीचे आणि पोटाचे स्नायू चढावरच बांधले जातात.

*पाचवा महिना :* पाठीवर जाड मऊ घडी, त्यावर रिकामं खोगीर. तंग हळूहळू आवळा. खोगीर मणक्यावर टेकता कामा नये, मधून उजेड दिसला पाहिजे. दुसऱ्या घोड्याचं खोगीर खोलगट पाठीला बसेलच असं नाही. उतरवल्यावर कुठं सूज, केस पुसलेले किंवा कोरडा डाग दिसला तर ते खोगीर बाद.

*सहावा महिना :* स्वार बसवा. फक्त चाल, १० मिनिटं, एक दिवस आड. दुडकी महिनाभरानंतर.

आता मुद्द्याचं : कोण बसणार? खोगिरासकट भार घोडीच्या वजनाच्या एक पंचमांशाच्या आत हवा. वयस्क घोडीला त्याहून कमी, सुरुवातीला १५ टक्केच धरा. म्हणजे २६५ किलोच्या घोडीवर खोगीर धरून ४० किलो. हिशेब सरळ आहे : ही घोडी पोरांची आहे, ८० किलोच्या गड्याची नाही. ओझ्याच्या तट्टासाठी १९६५ च्या केंद्रीय नियमांत ७० किलोची मर्यादा आहे. त्याच नियमांत काटेरी, टोकदार साधनांना बंदी आहे. काट्यांचा लगाम घरात असेल तर फेकून द्या.

स्वार उतरल्यावर नाडी मोजा. आरामात घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. हलक्या कामानंतर १० मिनिटांत ती ६० च्या खाली आली नाही तर काम जास्त झालं. चालताना मान खाली-वर टाकत असेल, तंग आवळताना चावायला येत असेल, पाठ दाबत असेल, तर तो हट्ट नाही, ते दुखणं आहे. थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसऱ्या घरी देताना

सगळी मेहनत पाण्यात जाते ती इथं. अंगावर मांस आलेली, माणसाळलेली घोडी दिसली की वरातीवाले विचारायला येतात. डीजे, फटाके आणि गर्दीत मध्यरात्रीपर्यंत उभं राहणं या घोडीला झेपणार नाही. म्हणून देताना चार गोष्टी पक्क्या करा :

१. घेणाऱ्याच्या घरी जाऊन सावली, पाणी, मोकळी जागा बघा.
२. चाऱ्याचा हिशेब त्याच्यासमोर मांडा. २६५ किलोच्या घोडीला दिवसाला ४ ते ५ किलो वाळला चारा, म्हणजे वर्षाला साधारण १८ क्विंटल. त्यावर नालबंद आणि डॉक्टर वेगळे.
३. कागदावर लिहून सह्या घ्या : वरातीला नाही, ओझ्याला नाही, पुन्हा पैदाशीला नाही, आणि नको झाली तर विकायची नाही, परत द्यायची.
४. तुमच्या वहीतली वजनं, लसी, दात-खुरांच्या तारखा आणि किती किलोचा स्वार चालतो हे सगळं त्याला द्या.

मुंबईत उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये व्हिक्टोरिया गाड्या बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हाही गाडी सुटलेल्या घोड्यांचं पुढं काय, हा प्रश्न उभा राहिला होता. गावाकडं हा प्रश्न एकेका दावणीला रोज उभा राहतो, आणि त्याचं उत्तर त्या घरालाच शोधावं लागतं.

सहा महिन्यांनीही काही घोड्या सवारीला तयार होत नाहीत. सांधे गेलेले असतात, पाठ सावरत नाही. अशी घोडी दुसऱ्या एकट्या घोड्याला सोबत म्हणून, पोरांना खरारा करायला, मोहरकी धरायला शिकवण्यासाठी उत्तम. जबरदस्तीनं खोगीर चढवू नका.

मदत कुठं मिळेल? आजारी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद करून घ्या. दात, लंगडणं, सोनोग्राफी अशा मोठ्या तपासणीसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आपल्याला जवळ आहे. नेण्याआधी डॉक्टरांना विचारा, घोडी प्रवास सोसेल का. अगदी अशक्त घोडी टेम्पोत उभी राहू शकत नाही.