कॉलमचे घर, ब्लॉकची भिंत : झरी जामणीतील बांधकाम

कॉलमच्या घरात छप्पर भिंतीवर टेकत नाही. स्लॅबचा भार बीमवर येतो, बीमचा कॉलमवर, कॉलमचा फुटिंगवर आणि तिथून जमिनीत उतरतो. सिमेंट ब्लॉकची भिंत नंतर चढते. ती आडोसा देते आणि आपले वजन प्लिंथ बीमवर टाकते.

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यात पूर्वीचे घर लाकडी खांबांचे, बांबूच्या कुडाचे आणि कवेलूंचे. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, शेणामातीने लिंपलेले कूड आजही दिसतात. अशा घराला दरवर्षी डागडुजी लागते, पण उन्हाळ्यात ते थंड राहते. स्लॅबचे घर तापते, हेही मान्य करायला हवे. घरकुल योजनांमुळे पक्की घरे वाढली. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कोलामांसह अतिमागास आदिवासी समूहांना घरासाठी दोन लाख रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात. सिमेंट तर तालुक्यातच तयार होते. मुकुटबन परिसरातील चुनखडीवर उभा राहिलेला बिर्ला कॉर्पोरेशन समूहाचा कारखाना वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा आहे.

खरी परीक्षा जमिनीखाली असते. काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हातभर खोल भेगा पाडते. तिच्यावर टेकवलेला पाया दरवर्षी वर-खाली होतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते ती त्यामुळेच. म्हणून खड्डा ठरावीक फुटांवर थांबवायचा नसतो. काळी माती संपून घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणायचे असते. कॉलमच्या घराचा मोठा फायदा इथेच आहे. सलग चर खणण्याऐवजी मोजके खड्डे खोल नेले की भागते. मुरूम फारच खोल असेल, तर तळाशी फुगीर घेर असलेले पाइल घालतात. काळ्या मातीसाठी ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली असून या पाइलची खोली साधारण साडेतीन मीटर असते. प्लिंथच्या आत भराव मुरमाचा करावा. खणून काढलेली काळी माती परत भरली, तर फरशी उचलली जाते.

कॉलमला किमान चार सळया लागतात, प्रत्येक किमान 12 मिमीची. सळयांभोवती बांधलेल्या दोन रिंगांमधील अंतर सळईच्या जाडीच्या 16 पटींपेक्षा जास्त नसावे. 12 मिमीच्या सळईला ते 192 मिमी भरते, म्हणून मिस्त्री सहा इंचांवर रिंग बांधतात. रिंगेची टोके नुसती काटकोनात वाकवून सोडली, तर भूकंपाच्या धक्क्याच्या वेळी रिंग उघडते आणि सळया बाहेर फुगतात. टोके 135 अंशांत वळवून आत, काँक्रीटच्या गाभ्यात गेली पाहिजेत. सळई आणि साच्याची फळी यांच्यामध्ये 40 मिमीचे कव्हर राहण्यासाठी सिमेंटच्या गट्ट्या बांधाव्यात. गिट्टीचा तुकडा अडकवून काम भागत नाही; तो ओतताना घसरतो, सळई फळीला चिकटते आणि काही वर्षांत गंजून कॉलमचा कोपरा फोडते.

काँक्रीटचे रूढ प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग गिट्टी. पन्नास किलोच्या एका बोरीला 25 ते 27 लिटर पाणी पुरते. रेती ओली असेल तर त्याहूनही कमी. माल सहज सरकावा म्हणून वर आणखी बादली ओतली जाते आणि तिथेच ताकद जाते. उलट, माल नीट ठोसला नाही तर फळी काढल्यावर कॉलमच्या तळाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. वरून गिलावा फासून ती झाकणे म्हणजे घरमालकाची फसवणूक आहे.

ब्लॉकच्या बाबतीत विटेची सवय नडते. वीट भिजवून लावतात. सिमेंटचा ब्लॉक मात्र भिजवून लावू नये. ओला ब्लॉक वाळताना आकसतो आणि भिंतीला केसासारखी भेग पडते. कारखान्यात 14 दिवस पाणी मारलेला आणि त्यानंतर चार आठवडे वाळलेला ब्लॉकच घ्यावा. लावताना पृष्ठभागावर पाणी शिंपडले की पुरे. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर गिलाव्याआधी कोंबडी-जाळी ठोकावी, कारण दोन्हींचे आकसणे वेगळे असते.

उरते ते पाणी मारणे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला किंवा कोरड्या उन्हाळ्यात दहा दिवस काँक्रीट ओले ठेवावे लागते. एप्रिल-मेमध्ये, पारा 45 अंशांकडे सरकत असताना आणि पोडावर प्यायला पाणी नसताना, हे जमत नाही. तेव्हा स्लॅब पावसाळा सरल्यावर ओतावा, कॉलमला ओली पोती गुंडाळावीत आणि ओतण्याच्या आदल्या दिवशी रिंगा, कव्हर आणि खड्ड्याचा तळ घरमालकाने स्वतः पाहावा. हप्त्याचे पैसे रंगीत फरशीला कमी पडले तरी चालतील, पायाला कमी पडू नयेत.