पहिल्या दोन ओळींत सारस दिसू द्या!

दोस्तांनो, समजा आपल्या गोंदियातल्या सारसावर ऑनलाइन लेख लिहायचाय. सुरुवात कशी कराल? बहुतेकांची गाडी ठरलेल्या रुळावरूनच सुटते : ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे. निसर्गाने आपल्याला भरभरून दिले आहे. पक्षी हे निसर्गाचे अलंकार आहेत...’ तीन वाक्यं संपली, सारसाचा पत्ता नाही. तोवर वाचणाऱ्याचा अंगठा पुढच्या रीलवर!

आता हे बघा : ‘उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये उंचीने जगात पहिला असलेला सारस गोंदियात धानाच्या बांधीत घरटं करतो. म्हणून तो टिकणं बरंचसं शेतकऱ्याच्या हातात आहे.’ कोण, कुठे आणि त्याचं काय, सगळं दोन वाक्यांत आलं.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या नील्सन नॉर्मन ग्रुपने २३२ जणांची नजर वेबपेजवर कशी फिरते ते तपासलं. वरच्या ओळी आडव्या वाचल्या जातात, पुढे नजर डाव्या कडेने खाली घसरत जाते, असं दिसलं. म्हणजे वरच्या ओळीच जास्त वाचल्या जातात. मोठा मुद्दा तिथेच हवा.

मग करायचं काय?

सुरुवात शेवटी लिहा. आधी अख्खा लेख लिहून काढा. खरी सुरुवात बरेचदा तिसऱ्या परिच्छेदात दडलेली सापडते. तिला उचलून वर आणा, आधीचं बिनधास्त खोडा.

नाव घ्या. ‘ग्रामीण भागातील जलस्रोत’ म्हटलं की डोळ्यांसमोर काहीच येत नाही. ‘नवेगावबांधचा तलाव’ म्हटलं की पाणी दिसतं.

आमिष नको. ‘वाचून थक्क व्हाल!’ यावर माणूस एकदा फसतो, दुसऱ्यांदा तुमचं नाव बघूनच पुढे जातो. प्रश्न विचारलात तर उत्तरही लगेच द्या.

मित्राला ऐकवा. फक्त पहिली दोन वाक्यं वाचा आणि थांबा. ‘मग पुढे?’ असं त्याने विचारलं, तर जमलं. ‘हं’ म्हणाला, तर पुन्हा लिहा.

महाराष्ट्रात सारस आता मोजकेच उरलेत आणि त्यातले बहुतेक आपल्याच जिल्ह्यात आहेत. मुंबई-पुण्यातल्या वाचकाला हे सांगायला तुमच्याइतकं जवळचं कोण आहे? पण तो पहिल्याच ओळीवरून निघून गेला, तर खालची सगळी मेहनत वाया. तेव्हा मोबाइल काढा, तुमचा शेवटचा लेख उघडा आणि बघा : सारस कितव्या ओळीत आलाय?